ट्राममार्गाची नोंद खोदाईआधी व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थाच्या तयारीसाठी नाशिकमध्ये जागोजागी रस्ते खोदले जात आहेत. कामे आवश्यक आहेत, त्यामुळे होणाऱ्या गैरसोयीविषयी हे पत्र नाही. मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेपासून नाशिक रोड स्थानकापर्यंत, आठ-नऊ किलोमीटरच्या अंतरात, एकेकाळी अडीच फूट अंतरावर टाकलेल्या रुळांवरून ट्राम धावत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सुरू झाली आणि 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडली. सुरुवातीला चार घोडे दोन डबे ओढीत. नाशिक जिल्ह्याचा जुना गॅझेटियर 1883 सालचा, म्हणजे ट्रामच्या आधीचा असल्याने त्यात तिचा प्रवास सापडण्याचा प्रश्नच नाही. आज त्या मार्गावर तिचे नाव सांगणारी एक पाटीही माझ्या पाहण्यात नाही. आमचे आजोबा स्टेशनवर जाण्याला अखेरपर्यंत ‘ट्रामने जाणे’ म्हणत, मग प्रत्यक्षात ते टांग्याने गेलेले असोत की एस.टी.ने.

गेल्या वर्षी जुन्या नाशकात गटाराच्या खोदाईत लोखंडाचा एक लांब तुकडा वर आला. मी योगायोगाने तेथे उभा होतो. माती खरवडली तेव्हा तो रूळ असल्याचे स्पष्ट झाले. खिशातल्या टेपने मोजला, तर उंची सव्वातीन इंचांच्या आत होती. आजच्या मुख्य मार्गावरील, मीटरला साठ किलो भरणाऱ्या रुळाची उंची पावणेसात इंचांच्या आसपास असते, यावरून तो किती किरकोळ असेल याची कल्पना यावी. तो ट्रामचाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण टाकाऊ रूळ आपल्याकडे विजेच्या खांबांसाठी, कुंपणासाठी आणि घराच्या तुळईसाठीही सर्रास वापरले गेले आहेत. परंतु रुळाच्या पोटावर तो बनवणाऱ्या कारखान्याचे नाव, वजन आणि साल उठावाच्या अक्षरांत असते, आणि गंज घासून ती अक्षरे वाचली असती तर निदान त्याचे वय तरी कळले असते. मी तारेचा ब्रश आणण्यासाठी घरी गेलो. परत येईपर्यंत ठेकेदाराच्या माणसांनी गॅस कटरने त्याचे तीन तुकडे करून ते भंगाराच्या टेम्पोत टाकले होते. संबंधित कार्यालयात विचारणा केली असता, अशा वस्तूंबाबत कोणतीही सूचना नसल्याचे सांगण्यात आले. त्या माणसांचा यात काही दोष आहे असे मला वाटत नाही. सूचनाच नसेल तर लोखंड हे लोखंडच.

अशा बंद पडलेल्या छोट्या गाड्यांच्या खुणा शोधत हिंडण्याचा नाद आम्हा चार-पाच निवृत्तांना आहे. त्यामुळे त्या किती झपाट्याने नाहीशा होतात, हे जवळून पाहिले आहे. नाशिककरांना सोयीची वाट म्हणजे पाचोरा. मुख्य मार्गावरील गाडीने मनमाड, चाळीसगाव मागे टाकून पाचोऱ्याला उतरावे, तेथून जामनेरपर्यंतची 56 किलोमीटरची ‘पी.जे.’ लाईन सुरू होत असे. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी स्थानके घेत ती गाडी शतकभर चालली, 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा सुटली नाही. पुढे तिच्या गेज परिवर्तनाचे, म्हणजे रुळांमधील अंतर वाढवण्याचे, काम हाती घेण्यात आले. बंद पडल्यावर थोड्याच काळाने आम्ही तिच्या कडेकडेने चाललो. एका ठिकाणी कपाशीच्या दोन शेतांमधून जाणारा भराव गुडघाभर उंचीचाच होता, पण दगडी मोरी जशीच्या तशी होती. तिच्या कमानीखाली शेतकऱ्याने पाण्याचा पाईप नेला होता आणि वरच्या दगडावर कुणीतरी कोयत्याला धार लावल्याचे चर होते. आमच्यातील एकाने आठवण म्हणून फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) पिशवीत टाकली, ती आम्ही त्याला परत ठेवायला लावली. रेल्वेची मालमत्ता बाळगणे हा 1966 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे हे एक, आणि जागेवरून हललेली फिशप्लेट काहीच सांगत नाही हे दुसरे.

लोकांना वाटते, रूळ उचलले की मार्ग संपला. तसे नसते. घोडा असो वा इंजिन, चढ झेपेल एवढाच ठेवावा लागतो आणि वळण हळूहळू घ्यावे लागते, त्यामुळे शेताच्या बांधांशी किंवा गल्लीच्या रेषेशी न जुळणारी एक सावकाश वाकणारी पट्टी जमिनीवर शिल्लक राहते. जमिनीवर ती मोडली तरी गाव नकाशात राहते. जुन्या भूसंपादनाचा तो लांबट, अरुंद तुकडा वेगळ्या क्रमांकाने दाखवलेला असतो, आणि आजूबाजूच्या जमिनींच्या जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा सांगताना त्याचा उल्लेख येऊ शकतो. शहरात हेच काम सिटी सर्व्हेचे जुने नकाशे करू शकतील. मात्र रस्त्याच्या कडेने रूळ टाकले असतील तेथे वेगळी जमीन घेतलेली नसणार, तेवढ्या भागात जमिनीखालचा पुरावा हाच एकमेव पुरावा ठरतो. खोदाईची घाई मला जाचते ती याच कारणाने.

महाराष्ट्रात अशा मार्गांची काही ना काही आठवण ठेवली गेली आहे. 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचे, मीटरला अवघे पंधरा किलो भरणाऱ्या तिच्या रुळांचे आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याचे नाव रेल्वेच्या इतिहासात आवर्जून घेतले जाते. नागपुरात मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे. विदर्भातील ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वेगाडी बंद असली तरी 1994 पर्यंत तिला ओढणाऱ्या, 1921 साली मँचेस्टरला बनलेल्या इंजिनाची गोष्ट तिकडे अजून सांगितली जाते. नाशिकच्या ट्रामला मात्र नाशिकचाच माणूस ओळखत नाही. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2092 कोटी रुपयांची घोषणा झाली, तेव्हा शहरात पहिल्यांदाच असे काही येणार म्हणून आपण हरखून गेलो. (ती मेट्रो रुळांवर नव्हे, रबरी टायरांवर धावणार होती, ही गंमत वेगळीच.)

माझी मागणी खर्चिक नाही. मेन रोड ते नाशिक रोड या पट्ट्यात खोदाईच्या प्रत्येक कार्यादेशात एक अट घालावी, की रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) किंवा जुना दगडी पाया आढळल्यास तो कापण्याआधी जागेवरच मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, खोली आणि ठिकाण लिहावे आणि एक दिवस काम शेजारी सरकवावे. रुळाचा अक्षरे असलेला हातभर तुकडा राखून ठेवला तरी पुरे, बाकीचे खुशाल भंगारात जावे. महापालिकेच्या जुन्या दप्तरात ट्रामविषयीचे ठराव असतील तर ते शोधण्यासाठी आमच्यासारखे बिनपगारी लोक तयार आहेत, फक्त दप्तर पाहण्याची परवानगी हवी.

आणखी एक विनंती आपल्या वाचकांना. जुन्या नाशकातील वाड्यांत, विशेषतः आता पाडल्या जात असलेल्या वाड्यांत, ट्रामचे तिकीट, छायाचित्र किंवा घरखर्चाच्या वहीत ट्रामभाड्याची नोंद सापडण्याची शक्यता आहे. मूळ वस्तू कुणाला द्यावी असे माझे म्हणणे नाही. तिची एक प्रत मात्र सार्वजनिक वाचनालयात जमा करावी. 1840 पासूनच्या त्या संस्थेने ट्राम येतानाही पाहिली आणि जातानाही.

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक, जेल रोड, नाशिक रोड