ठिपका थांबला तर

मुलुंड, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई विचारते, जेवलीस का. म्हणून लिहितेय. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सुरू होणाऱ्या 'टूर डिव्हाइड' या सायकल शर्यतीला मी जातेय. कॅनडातल्या बॅन्फहून निघायचं आणि रॉकी पर्वताच्या कडेकडेने मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सला पोचायचं. सुमारे 4,400 किलोमीटर, बहुतेक कच्ची वाट. बक्षीस नाही, प्रवेश फी नाही, मागे गाडी नाही. लेल विलकॉक्स नावाच्या बाईने 2015 मध्ये हे 16 दिवसांच्या आत संपवलं. मी तिच्या वाटेला जाणार नाही. रोज 160 किलोमीटर धरले तर 28 दिवस, आणि तेवढी रजा मंजूर झालीय.

एक कबुली. मागच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी फोन उचलला नाही आणि मग ऑफिसचं काम होतं म्हणाले, ते खोटं. कर्जतच्या पुढे चिखलात होते. चाकं गच्च झाली तरी रेटत राहिले, तर गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, तुटला. सायकल खांद्यावर घेऊन 9 किलोमीटर चालले आणि लोकलच्या लगेज डब्यातून घरी आले. न्यू मेक्सिकोत पाऊस पडला की अशीच माती चिकटते. जाणकार तिथे ती वाळेपर्यंत थांबतात. आता जादा हँगर पिशवीत असतो. थांबायचं मात्र अजून शिकतेय.

माँटानात ग्रिझली अस्वलं आहेत. (बाबा, आईला वाचून दाखवताना हे गाळा.) मिरचीचा फवारा हाताशी ठेवायचा, खाणं तंबूपासून लांब झाडाला टांगायचं. मला धास्ती आहे ती वायोमिंगमधल्या ग्रेट डिव्हाइड बेसिनची. तिथे सावली नाही आणि पाणी फार लांब लांब.

बाबा, तुम्ही मुक्कामी गाडी न्यायचात तेव्हा घाटात दरड आली की दुसऱ्या दिवशी दुपारी उगवायचात. आई रात्रभर दाराला कडी लावायची नाही. सकाळी मला डेपोत पाठवायची, आणि कंट्रोलर म्हणायचा, "येईल गं." तुमचं बरं होतं, तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला तरी माहीत असायचं.

माझ्याकडे ट्रॅकर असेल. तो उपग्रहावरून दर थोड्या वेळाने माझी जागा कळवतो आणि नकाशावर माझा ठिपका सरकतो. पण तो वाचायचा कसा, हे नीट लक्षात ठेवा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. तुमच्या सकाळच्या साडेआठच्या चहाला तिकडे आदल्या रात्रीचे नऊ. म्हणजे आपल्याकडे दहा ते दुपारी साडेतीन ठिपका हलला नाही तर मी झोपलेय. दाट झाडीत किंवा खोल दरीत तो मधेच अडकून बसतो आणि एकदम पुढे उडी मारतो, तेव्हा घाबरायचं नाही. अगदीच अडलं तर ट्रॅकरवर मदतीचं बटण आहे, ते मी दाबेन. लाजून बसणार नाही, शब्द देते.

येत्या रविवारी पाटणला येतेय. नकाशा कसा बघायचा ते आधी आईला दाखवीन. बाबा, तुम्ही दोन बोटांनी मोठा करायला जाता आणि अमेरिकाच हरवते.

तुमची,
सुमी