बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो, आयुष्यभर गाड्यांची वायरिंग, सेल्फ, डायनामो हेच काम केलंय. समुद्राशी संबंध फक्त मामेभावामुळे, त्याची रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीची बोट आहे. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपते आणि मग बोटींच्या कामाची एकच घाई उडते, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय.

मागच्या सीझनला भावाचा फोन आला, "दादा, बॅटरी परत बसली." दोन महिन्यांत दुसरी नवी बॅटरी! तिथल्या मिस्त्रीने व्होल्ट मोजायचा मीटर न लावताच बॅटरी खराब म्हणून सांगितलेलं. पैसे गेले ते गेलेच, पण बोटीतलं पाणी उपसणारा पंप, दिवे, वायरलेस, जीपीएस सगळं त्याच बॅटरीवर चालतं आणि ही माणसं रात्री समुद्रात असतात, या विचाराने मला झोप लागेना, शेवटी मीटर पिशवीत टाकला आणि रत्नागिरी गाठली.

इंजिन बंद करून काही तास गेले की भरलेली बॅटरी १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ पाहिजे. इथे दिवे लावून बघितलं तर बॅटरीवर १२.९ आणि डायनामोवर (आताचा अल्टरनेटरच, आम्ही सवयीने डायनामो म्हणतो) चक्क १४.२. म्हणजे डायनामो बिचारा करंट बनवतोय, वाटेत १.३ व्होल्ट कुठेतरी गळतायत. मीटरची एक पिन डायनामोच्या नटावर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरली तर ०.१, ठीक. मग डायनामोची बॉडी आणि बॅटरीचा मायनस, तिथे १.२! अर्थच्या वायरमध्येच, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या मायनसला जाणाऱ्या वायरमध्येच खोट होती. इंजिनच्या मागे हात घालून वायर ओढली, वरून टेप एकदम छान गुंडाळलेली, ब्लेडने कापली तर आत थिंबलजवळ (वायरच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची टोपी) हिरवी भुकटी, तारा काळ्या पडून तुटलेल्या, पाच-सहाच काय त्या धरून होत्या. खाऱ्या हवेने आतल्या आत खाल्लं होतं. कलई केलेली जाड वायर टाकली, नवं थिंबल दाबून बसवलं, बॅटरीवर १४.१ आले. पहिली बॅटरी सतत अर्धवट चार्जवर राहून सल्फेट धरून गेलीच होती, दुसरी वाचली.

डायनामो फिरवणारा पट्टा ढिला असला तरी बॅटरी अशीच अर्धवट चार्ज राहते, पुलीजवळ काळी रबराची भुकटी दिसली की समजायचं. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे का' बघायची जी सवय आहे, आपल्या बडोद्यातल्या गॅरेजांमध्येही आहे, ती कृपा करून सोडा. जुन्या डायनामोत चालून जायचं, आताच्या अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जातात, सोबत जीपीएसही जाऊ शकतो, वर बॅटरीतून गॅस निघत असतो तिथे ठिणगी म्हणजे जिवाशी खेळ.

बोटीवर छोटा जनरेटरही आहे, चार्जर त्याच्यावर चालतो. तो वीस मिनिटांत बंद पडायचा म्हणून कोणीतरी टेम्परेचरच्या सेन्सरची वायरच बायपास करून ठेवलेली! हे बघून मला खरंच राग आला. सेन्सर इंजिन जळू नये म्हणून बंद करत होता. गाळणी उघडली तर आत शेवाळ आणि प्लास्टिक पिशवीचे तुकडे, इंजिन थंड ठेवणारं समुद्राचं पाणी आत येणार कुठून, आणि पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची दोन पाती गायब. चक्र बदललं, तुटलेले तुकडे पाइपातून शोधून काढले (हे विसरू नका, ते पुढे जाऊन अडकतात), सेन्सरची वायर परत जागेवर लावली, आता जनरेटर तासन् तास चालतो.

संपादकसाहेब, याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, हाताची कामं लोकांना आपल्या भाषेत शिकता यावीत म्हणून. आपल्या पुरवणीत रेसिपी असते, राशिभविष्य असतं, महिन्यातून एक रकाना अशा कामासाठी द्या ना, मीटर कसा धरायचा एवढं जरी चित्र काढून छापलंत तरी चालेल. चित्र मी काढून देतो.

आणि ज्यांच्या बोटी आता किनाऱ्यावर आहेत त्यांनी बॅटरीचा मायनस काढून ठेवा, डिस्टिल्ड वॉटरची लेव्हल बघा आणि महिन्यातून एकदा तरी फुल चार्ज करा.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे