पाच काळ्यांचं कोडं

वेंगुर्ले,
दीप अमावास्या

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. काकूंचा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे चार दिवस पाऊस धरून आहे. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्राची गाज थेट माजघरात ऐकू येते. तू विचारलंस, रात्री साडेनऊनंतर माझा फोन रोज एंगेज का असतो. आज सविस्तरच सांगतो.

आम्ही सहा जण त्या वेळी फोनवर जमतो. रत्नागिरीचे एक निवृत्त मास्तर, मालवणात औषधांचं दुकान चालवणारी एक मुलगी, देवगडचे एक बागायतदार, असे. एकाने कोडं घालायचं, बाकीच्यांनी सोडवायचं. कोडी सगळी शास्त्रीय संगीतातली. नियम एकच: उत्तर शोधून आणायचं नाही, गाऊन नाहीतर वाजवून पटवायचं.

गेल्या आठवड्यात मास्तरांनी घातलेलं कोडं असं होतं: ‘पाच काळे भाऊ एका घरात राहतात. नवा कुणी येत नाही, जुना कुणी जात नाही. पण ज्याला कर्ता मानाल त्याप्रमाणे घराचं आडनाव बदलतं. पाचही आडनावं सांगा.’ मी दोन दिवस कृष्णापासून कोकिळेपर्यंत सगळे काळे शोधून आलो. तिसऱ्या दिवशी ओटीवर पेटी घेऊन बसलो होतो. आईने आतून हाक मारली, “पेटी भिजतली रे, भुतूर घे!” आत आणून कोरड्या फडक्याने पुसायला लागलो, तर दमट हवेने पांढऱ्या पट्ट्या फुगून एकमेकींना धरून बसलेल्या. दाबली तरी खाली जाईना. वाजत होत्या त्या फक्त काळ्या. पाच काळ्या!

भाता ओढला. ज्या पट्टीला सा मानू ती कर्ता, आणि जो राग निघेल ते आडनाव! काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरला आणि काळ्याच पट्ट्यांवरून वर गेलो. सा रे ग प ध, भूप. काळी एकला सा धरला, सा रे म प ध, दुर्गा. काळी दोनला गंधार आणि निषाद कोमल झाले, धानी. काळी चारला मधमाद सारंग. आणि काळी पाचला सा धरून वर सरकलो तर समोर मालकंस उभा. तेवढ्यात वीज गेली. आजच्या पूजेसाठी घासून ठेवलेल्या समयांपैकी एक आईने लावून आणली आणि त्या उजेडात मी पुन्हा पुन्हा तेच वाजवत राहिलो. मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलणं, हा शब्द पुस्तकात कितीदा वाचला असेन, पण भूपाच्या पोटात मालकंस आहे हे बोटांना त्या रात्री कळलं.

मास्तरांनी मात्र पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणाले, “भूप म्हणालास, देशकार का नाही?” खरंच की! स्वर तेच पाच. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; देशकाराचा धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. मग त्यांनी फोनवरच देशकार गाऊन दाखवला. तार षड्जावरून, म्हणजे वरच्या सा वरून, धैवतावर आले आणि तिथेच रेंगाळले. रात्रीचे दहा वाजले होते, पण मला अंगणात ऊन पडल्यासारखं वाटलं. पट्ट्या स्वर देतात, राग थांबण्यात असतो. म्हणून मला हीच कोडी आवडतात. नुसतं जन्मसाल विचारणाऱ्या कोड्यात माझं मन रमत नाही, आणि तिथे तसं सांगतोही.

आपल्या बंदिशींत ही कोडी पहिल्यापासून आहेतच. नियामत खान ‘सदारंग’ म्हणून आपल्या ख्यालात नाव गुंफून ठेवतात. पंडित भातखंडे लक्षणगीतात, म्हणजे रागाची लक्षणं सांगणाऱ्या गीतात, ‘चतुर’ म्हणतात; ते त्यांचं टोपणनाव, पण ऐकणाऱ्याला साधं विशेषण वाटतं. बागायतदारांनी परवा घातलं: ‘जोगाला कंसाच्या घरी नेलं, आणि स्वतः मात्र गुणिजनांचा दास म्हणवला.’ मला झटकन आलं. जोगकंस हा राग बांधणारे जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे गुणीदास.

मालवणच्या मुलीचं एक कोडं मात्र मनातून जात नाही. ‘ज्या वर्षी ती गेली, त्याच वर्षी तिचा आवाज निघाला. जाताना विचारत गेला, कुठे निघालीस?’ बराच वेळ कुणी बोललंच नाही. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. ‘जात कहाँ हो’ ही त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात निघाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. मैफल संपवणारी भैरवी अजून तिकडे चाललीच आहे. माझ्या घशात काहीतरी दाटलं.

आता तुझ्याबद्दल. देवळातल्या भजनाला तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित उतरल्या की आपल्या सगळ्यांत आधी तू मान वर करायचास. तो कान पुण्याला नेलास आणि दहा वर्षं त्याला काही कामच दिलं नाहीस, याचं मला वाईट वाटतं रे. सहाचे सात झालो तर बरं होईल. पुढचं कोडं घालायची पाळी माझी आहे. तुला आधी पाठवतो:

‘तीन घरं. पाचवा भाऊ तिन्हींतून हद्दपार. पहिल्याच्या दारात सूर्य बुडताना बैल बसलेला. दुसऱ्याच्या ओटीवर दिवेलागणीला धृतराष्ट्राच्या बायकोचं माहेर. तिसऱ्याचा सगळा संसार माडीवर, आणि तिथे पहाट होण्याआधीच जाग.’

उत्तर लिहून पाठवू नकोस. साडेनऊला फोन लाव आणि तिन्ही गाऊन दाखव.

काकूंना नमस्कार.

तुझाच