गुरुवारचं वाटाण्याचं सूप आणि कर्जबाजारी राजा

वेस्तेरोस, स्वीडन
मार्च, रविवार संध्याकाळ

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. माझ्या व्हॉट्सॲपच्या मेसेजना ‘ना शेंडा ना बुडखा’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून बसले आहे. माझी तब्येत उत्तम. खोकला पूर्ण गेला. जेवण वेळेवर होतं. ऑफिसचं रडगाणं फोनवर ऐकताच, ते परत इथे नको.

आधी आईच्या काळज्या संपवते. आई, युद्धबिद्ध काही नाही. स्वीडन 2024 च्या मार्चमध्ये नाटोत गेला हे खरं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने घरोघरी ती पुस्तिका वाटली हेही खरं. पाणी साठवा, आठवडाभराचं खाणं ठेवा, सेलवर चालणारा रेडिओ ठेवा, असं त्यात आहे. टीव्हीवाल्यांनी तुला फक्त मुखपृष्ठ दाखवलं. हा देश 1814 नंतर कुठल्याच युद्धात उतरलेला नाही. माझ्याकडे पोहे, तांदूळ आणि तू दिलेलं मेतकूट इतकं आहे की सरकारची अट मी कधीच पूर्ण केली आहे.

दुसरं, तो चर्चमधला फोटो. आत्याने पाहिला आणि घरात चर्चा झाली म्हणे. इथे कुणी कुणाला बाटवत नाही. मला आजवर एकानेही धर्म विचारलेला नाही, आणि चर्च 2000 सालापासून सरकारपासून वेगळं झालंय. सभासद असेल त्याच्याच पगारातून चर्चची वर्गणी कापतात, माझी कापत नाहीत. (अंत्यसंस्काराची फी मात्र सगळ्यांकडून घेतात, कुठल्याही धर्माचा असो. शंभर क्रोनांमागे पाव क्रोनाहून थोडी जास्त. बाबा, हे वाक्य आईला वाचून दाखवू नका.)

मी तिथे गेले होते ते एका राजाची कबर बघायला. आमच्या गावच्या कॅथेड्रलमध्ये चौदावा एरिक पुरलेला आहे. 1568 मध्ये भावांनी त्याला गादीवरून उतरवलं, कैदेत टाकलं आणि 1577 मध्ये तो कैदेतच गेला. वाटाण्याच्या सूपमधून विष घातलं असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. 1958 मध्ये कबर उघडून तपासणी केली, तर सांगाड्यात खरोखर आर्सेनिक सापडलं. सूपमधूनच दिलं की कसं, ते हाडं कुठे सांगतात! पण सगळे सूपच म्हणतात, आणि दर गुरुवारी सगळा देश तेच सूप पितो.

हे तुम्हाला नीट सांगायलाच हवं, कारण मला ते अजून पचलेलं नाही. पचलंय, पण डोक्याला पचलेलं नाही. गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. बुधवारी नाही, शुक्रवारी तर नाहीच. आमच्या कँटीनमध्ये, शाळांमध्ये, लष्कराच्या खानावळीतसुद्धा. वाळलेले पिवळे वाटाणे रात्रभर भिजत घालायचे, शिजवून पार गाळ करायचे, त्यात थाइम नावाचा वाळका पाला आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. (माझ्यासाठी बिनमांसाचं वेगळं पातेलं असतं, डावसुद्धा वेगळा. आई, मी दोनदा विचारून घेते.) बशीच्या कडेला वाटलेल्या मोहरीचा एक गोळा ठेवतात. तो एकदम सूपमध्ये ढवळायचा नाही. चमच्याच्या टोकाला थोडी मोहरी घ्यायची, मग सूप घ्यायचं, असं दर घासाला. मी पहिल्यांदा सगळी मोहरी ढवळली तेव्हा समोरची लेना काही बोलली नाही, फक्त बघत राहिली. आणि त्या सूपवर गोड म्हणून काय, तर पॅनकेक! दूध, अंडी आणि मैद्याचे पातळ, वर जॅम आणि फेटलेली साय. गुरुवारी रांग दारापर्यंत जाते. कारण विचारलं तर आधी सगळे खांदे उडवतात. मग एखादा म्हातारा सांगतो, की जुन्या कॅथलिक काळात शुक्रवारी उपास असायचा, म्हणून आदल्या दिवशी पोटभर खाऊन घ्यायचे. पुढे राजाने पोपचा कॅथलिक पंथ सोडून ल्यूथरचा प्रोटेस्टंट पंथ घेतला, शुक्रवारचा उपास बुडाला, गुरुवारचं जेवण तेवढं राहिलं. पाचशे वर्षं लोक उपासाच्या तयारीचं जेवताहेत आणि उपास कुणीच करत नाही. आजीला हे सांगा, तिला भारी आवडेल.

आता तुमचा प्रश्न. ‘एरिकच्या बापाने, गुस्ताव वासाने, ल्यूथरचा पंथ घेतला तो श्रद्धेने की राजकारणाने?’ तुमच्या अक्षरात प्रश्न आला की दहावीचा पेपर समोर आल्यासारखं वाटतं. माझं उत्तर: कर्जाने. मार्क कापा, पण आधी ऐका.

1520 च्या नोव्हेंबरात डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिश्चन याने स्टॉकहोममध्ये राज्याभिषेक करून घेतला, मेजवान्या दिल्या आणि मग पाखंडीपणाचा आरोप ठेवून ऐंशीच्या वर सरदार, बिशप आणि शहरातले प्रतिष्ठित लोक भर चौकात मारले. त्यात गुस्तावचा बाप होता. गुस्ताव तेव्हा चोविशीतला. उत्तरेला दालार्ना प्रांतात लपतछपत फिरला, शेतकऱ्यांना उठाव करा म्हणाला, मूरा गावच्यांनी नाही म्हटलं. निराश होऊन बर्फातून नॉर्वेच्या दिशेने निघाला. मग हत्याकांडाची बातमी पक्की झाली आणि गावच्यांनी दोन माणसं स्कीवर त्याच्या मागे पाठवून त्याला सेलेनजवळून परत आणला. निदान कथा अशी सांगतात. त्याच्या आठवणीला 1922 पासून सेलेन ते मूरा 90 किलोमीटर स्कीइंगची शर्यत असते, आता मार्चच्या पहिल्या रविवारी. लेना या वर्षी धावली, सोमवारी रजा घेतली आणि मंगळवारी जिना धरून धरून उतरत होती.

पण नुसत्या शेतकऱ्यांच्या जोरावर वेढा घालूनही स्टॉकहोम पडत नव्हतं. जहाजं हवी होती, भाडोत्री सैन्य हवं होतं. ते ल्यूबेक या जर्मन बंदराच्या व्यापाऱ्यांनी दिलं, उधारीवर. त्यांना स्वीडनचं प्रेम नव्हतं, डेन्मार्कच्या राजाने बाल्टिकच्या व्यापारावर हात ठेवू नये एवढंच होतं. 6 जून 1523 ला स्ट्रेंगनेसला गुस्ताव राजा म्हणून निवडला गेला. तो दिवस आता इथला राष्ट्रीय सण, आम्हाला सुट्टी असते. त्याच्या पाठोपाठ बिल आलं. लाखाच्या वर मार्क (तेव्हाचं चलन).

राजाकडे काय होतं? देशातल्या शेतीपैकी पाचएक टक्के. चर्चकडे पाचवा हिस्सा. बाबा, तुम्हीच वर्गात म्हणायचात ना, की आधी जमीन कोणाची ते बघा, मग धर्म बघा.

जून 1527 मध्ये त्याने सगळ्यांना इथे, माझ्या या गावात बोलावलं. सभा डोमिनिकन साधूंच्या मठात भरली. राजाच्या वतीने सांगण्यात आलं, की खर्च भागत नाही, बंडं मोडता मोडत नाहीत, या अटींवर राज्य कुणी करावं? लिंक्योपिंगचा म्हातारा बिशप हान्स ब्रास्क उठून म्हणाला, की पोपच्या परवानगीशिवाय आम्ही काही देऊ शकत नाही. सरदारांनी माना डोलावल्या. त्यावर राजा रडला. मी राज्य सोडतो, माझ्या पदरचं जे खर्च झालंय ते मोजून द्या, मी देश सोडून जातो, असं म्हणून चालता झाला, आणि किल्ल्यात मांडवातल्या रुसलेल्या जावयासारखा जाऊन बसला. दिवस गेले. निरोप गेले. शेवटी सगळे हात जोडून गेले आणि म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं.

मग काय, बिशपांचे किल्ले राजाकडे, मठांचं आणि कॅथेड्रलांचं ‘जास्तीचं’ उत्पन्न राजाकडे, आणि जास्ती किती ते ठरवणार राजाच. सरदारांची तोंडं बंद करायला, 1454 नंतर त्यांच्या घराण्यांनी चर्चला दान दिलेल्या जमिनी त्यांनी परत घ्याव्यात अशी मुभा. आणि सगळ्याच्या शेवटी, देवाचं वचन शुद्ध स्वरूपात सांगितलं जावं, असं एक वाक्य. एवढीच धर्मसुधारणा. ब्रास्क त्याच वर्षी देश सोडून गेला तो परत आला नाही.

तुम्ही म्हणाल, ओलाउस पेत्रीला विसरलीस. नाही विसरले. तो खरा श्रद्धेचा माणूस. ल्यूथरच्या गावी शिकलेला, पाद्री असून 1525 मध्ये उघड लग्न केलेला. 1526 मध्ये नवा करार स्वीडिशमध्ये छापला गेला, 1541 मध्ये सगळं बायबल, आणि त्या कामात त्याचा आणि त्याच्या भावाचा मोठा हात. पण याच पेत्रीला आणि राजाचा जुना सल्लागार लॉरेन्शियस आन्द्रे याला 1540 मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. राजाविरुद्धच्या कटाची माहिती लपवली, असा आरोप. मग दंड भरून सुटका. राजाला सुधारक हवे होते ते स्वतःच्या मुठीतले.

आणि कर्ज? 1531 मध्ये फर्मान निघालं, की प्रत्येक चर्चने एक घंटा द्यावी नाहीतर तिची किंमत. ज्या दालार्नाने त्याला बर्फातून परत आणून राजा केला, तिथलेच लोक घंटांसाठी उठले. दोन वर्षांनी तो सैन्य घेऊन खाणींच्या गावात गेला आणि म्होरक्यांची डोकी उडवली. 1542 मध्ये दक्षिणेला स्मोलांदात नील्स दाके उठला. कर, चर्चची चांदी, शेजारच्या डेन्मार्कशी चालणाऱ्या व्यापारावरची बंदी, सगळं साचलं होतं. त्याच्याशी आधी तह केला, मग चिरडला. 1544 मध्ये पुन्हा वेस्तेरोसला सभा, आणि निवडून आलेल्या राजाने गादी वंशपरंपरागत करून घेतली. पुढे त्याच वंशात भावाने भावाला काय केलं ते वर लिहिलंच आहे.

माणूस मला आवडत नाही, पण त्याने देश उभा केला हे नाकारता येत नाही. इथले लोकही असंच काहीसं म्हणतात आणि शर्यतीला जातात.

आता, बाबा, तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षराबद्दल. रोहनच्या लग्नासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचं आणि नाहीच भागलं तर ओढ्याकडचा तुकडा विकायचा, असं तुम्ही सहज लिहिल्यासारखं लिहिलंय. विकायचा नाही. मी तीन लाख पाठवतेय, दोन हप्त्यांत. पहिला याच आठवड्यात. परत करायचे नाहीत, हिशोब ठेवायचा नाही, आणि रोहनला सांगायचं नाही. मला इथे काही कमी पडत नाही. नवीन जॅकेट घ्यायचं होतं, पण आता थंडी संपतच आली.

साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा वैशाखातल्या लग्नासाठी राखून ठेवली आहे, तिकीटही काढलंय. आजीच्या मोतीबिंदूलाही मी नव्हते, हे मला आठवण करून द्यावं लागत नाही. व्हिडिओ कॉल लावून फोन कोनाड्यात ठेवा, मी पूर्ण वेळ बघेन. आईने माझ्या वाटणीचं ओवाळून घ्यावं.

आणि आत्याचं स्थळ. मुलगा चांगला असेलच, हिंजवडीला आहे, घर आहे, सगळं कळलं. पण ते विचारतात मुलगी परत कधी येणार, आणि मी इथल्या परमिटच्या मुदतवाढीसाठी अर्ज केला आहे, आणखी दोन वर्षांच्या. तो गेल्याच महिन्यात केला. फोनवर आई बाजूला असते म्हणून बोलले नाही. तेव्हा आत्याला सांगा, की त्यांना थांबवून ठेवू नका. लग्न करायचंच नाही असं मी म्हटलेलं नाही, हेही सांगा. तुम्ही रागावलात तर रागवा, पण जेवण सोडू नका, शुगरच्या गोळ्या वेळेवर घ्या.

आजीला नमस्कार. रोहनला आशीर्वाद, आणि सूटचं माप मी सांगितलेल्या टेलरकडेच दे म्हणावं.

तुमची,
मनू

ता. क. – पैसे जमा झाले की पासबुक भरून फोटो पाठवा. कार्यालयाच्या पावतीवर तुमचं नाव घाला, रोहनचं नको, त्याच्याकडून पावत्या हरवतात.