पूल जुना नाही, संपादकसाहेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बोस्नियाचा लेख वाचला. फोटो छान आहेत, नेरेत्वा नदीचा तो हिरवा रंग छपाईत इतका नीट उतरलाय की खरंच कौतुक वाटलं. पण फोटोखाली 'साडेचारशे वर्षं ऊनपाऊस झेलत उभा असलेला पूल' हे कुणी लिहिलं? अहो, मोस्तार शहरातला हा मूळ पूल १५६६ चा, बरोबर, पण तो बोस्नियाच्या युद्धात ९ नोव्हेंबर १९९३ ला क्रोएट फौजांनी गोळे मारमारून नदीत पाडला, त्याचा व्हिडिओ जगाने बघितलाय, आणि आज लोक ज्यावर उभं राहून सेल्फी काढतात तो २००४ ला पुन्हा बांधलेला आहे. तिथल्याच दगडात, जुन्या पद्धतीने, सुंदरच बांधलाय. पण त्याला अजून पंचवीस वर्षंही झालेली नाहीत. पुलाजवळच एका दगडावर '९३ विसरू नका' असं इंग्रजीत रंगवून ठेवलंय, लेखिकाबाई त्याच्या शेजारूनच गेल्या असणार.

एवढंच असतं तर पत्र लिहायला बसलो नसतो. डोकं फिरलं ते राजधानी सरायेवोच्या तांबट गल्लीच्या वर्णनाने. तिथे तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर नक्षी कोरून विकतात, त्याला बाई म्हणतात 'हिंसेचं कलेत रूपांतर', आणि काडतुसाची दोन पेनं घेऊन आल्याचंही कौतुकाने लिहितात. मी त्या गल्लीत उभा होतो. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ फुलदाणीएवढ्या पुंगळीचा भाव करत होते, युरो की तिथले मार्क असा घोळ चाललेला, आणि मधेच विचारतात काय, ओरिजिनल आहे ना? दुकानदाराने न बोलता ती उलटी केली, बुडावर ठोकलेले आकडे दाखवले, मधोमध पिन आपटल्याचा बारका खड्डा दाखवला, आणि किंमत होती तीच ठेवली. गृहस्थ एकदम खूश. म्हणजे गोळा खरोखर उडालाय याची खात्री पटल्यावर खूश! तो जाऊन कुठे पडला असेल हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. त्या गल्लीत तांबं ठोकायचं काम तुर्कांच्या काळापासून चालत आलंय, तबकं, कॉफी उकळायची लांब दांड्याची भांडी वगैरे, आता गिऱ्हाइकाला पुंगळ्या हव्यात म्हणून कारागीर पुंगळ्या कोरतो. पोटासाठी करतो, त्याला कशाला नावं ठेवा. पण त्याला क्षमा आणि करुणा आपण चिकटवायची आणि वर घासाघीसही आपणच करायची?

कलेवरच लिहायचं होतं तर ६ एप्रिल २०१२ चं लिहायचं. त्याच युद्धात सर्ब फौजांनी सरायेवोला वेढा घातला त्याला वीस वर्षं झाली म्हणून शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या, सगळ्या रिकाम्या, मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक, आणि लहान मुलांच्या नावाने छोट्या खुर्च्या. नाहीतर राष्ट्रीय ग्रंथालयाचं लिहायचं. ऑगस्ट १९९२ मध्ये डोंगरावरच्या सर्ब तोफांनी ते पेटवलं, लाखो पुस्तकं गेली, इमारत पुन्हा उघडायला २०१४ उजाडलं. लेखात ती इमारत आहे, 'मूरिश शैलीचा देखणा नमुना' म्हणून. आगीबद्दल एक ओळ नाही. आणि युद्धाचा निकाल काय, तर 'दोन्ही बाजूंच्या वेडेपणात शहर होरपळलं'. वर डोंगरावर तोफा, खाली पाण्याच्या रांगेत उभी माणसं, असं जवळजवळ चार वर्षं चाललं होतं. याला दोन्ही बाजू म्हणायचं असेल तर म्हणा बुवा.

'आता जखमा भरल्या आहेत' म्हणे. मोस्तारमध्ये २००८ नंतर नगरपालिकेची निवडणूक झाली ती थेट २०२० ला, कारण मधली सगळी वर्षं बोस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम) आणि क्रोएट पक्षांचं मतदानाच्या नियमांवरच जमत नव्हतं. बाईंनी एक दुपार पुलावर घालवून निदान करून टाकलं.

जाता जाता अजून एक. लेखाच्या खालीच बाल्कन टूरची अर्धं पान जाहिरात, तोच पूल, तीच नदी, भाषाही जवळपास तीच, त्यामुळे लेख कुठे संपला तेच कळेना, निदान मधली रेघ तरी जाड मारत जा. आणि मागच्या पत्रातलं माझं कौतुक तेवढं छापून तक्रार कापली होतीत, या वेळी जागा कमी पडली तर वरचं फोटोंचं कौतुक खुशाल काढा.

आपला,
एक जुना वाचक