खुल्या व्यायामशाळा: बिघाड निविदेतच

महोदय,

बागांमधल्या खुल्या व्यायामशाळा वर्षभरात खिळखिळ्या झाल्या की खापर नागरिकांच्या ‘गैरवापरा’वर फुटते. मुले एअर वॉकरवर, म्हणजे अधांतरी पाय पुढे-मागे झुलवायच्या यंत्रावर, लोंबकळतात हे खरेच. पण सार्वजनिक बागेत मुले यंत्रावर चढणारच नाहीत असे धरून यंत्र बनवले असेल, तर त्यात दोष मुलांचा कसा? बहुतेक बिघाड यंत्र बनतानाच त्यात शिरलेले असतात.

सर्वांत आधी जाते ते बेअरिंग. एअर वॉकर, क्रॉस ट्रेनर (हात-पाय एकत्र हलवायचे यंत्र), चेस्ट प्रेस (बसून मुठी पुढे ढकलायचे यंत्र) यांच्या सांध्यांत सर्रास ६२०४ किंवा ६२०५ क्रमांकाचे बॉल बेअरिंग, म्हणजे दोन कड्यांमध्ये छर्रे असलेला भाग, ठोकलेले असते. सलग गोल फिरणाऱ्या शाफ्टला, म्हणजे मोटारीला किंवा पंपाला, ते उत्तम. व्यायामयंत्राचा सांधा मात्र थोड्याशा अंशांत नुसता पुढे-मागे हलतो. छर्रे त्याच जागी घासत राहतात, बाजूला सरलेले ग्रीस परत आत येत नाही आणि कड्यावर खळगे पडतात. त्यातून बेअरिंग ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याच्या झाकणाचे असले, तर पहिल्याच पावसात पाणी आत शिरते. रबरी सीलचे ‘टूआरएस’ घेतले तर जास्त टिकते. पण या हालचालीला खरे म्हणजे गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे छर्रे नसलेली साधी नळी, आणि बाहेरून ग्रीस भरायला निप्पल हवे. कुरकुर सुरू झाली की वरून पातळ तेल सोडून वेळ मारून नेतात. त्याने उरलेसुरले ग्रीसही धुऊन जाते.

एअर वॉकरमध्ये आणखी एक भानगड असते. पाय ठरावीक मर्यादेत थांबावेत म्हणून लावलेला रबरी बफर एकाच स्क्रूवर असतो आणि काही महिन्यांत गायब होतो. मग लोखंडावर लोखंड आपटते आणि वेल्डिंगच्या कडेला तडा जातो. बफर बोल्टाने आरपार आवळलेला असावा, नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असल्याने हादऱ्यांनी सैल न होणारा, असावा. एवढे साधे काम, पण ते मोजमापपत्रकात लिहिलेलेच नसते.

यंत्राच्या पायाभरणीची कथा याहून वाईट. पुष्कळ ठिकाणी खांबाची बेसप्लेट (तळाची लोखंडी पट्टी) थेट पेव्हर ब्लॉकवर ठेवून चार अँकर बोल्ट मारलेले दिसतात. ८० किलोचा माणूस खांबापासून ६० सेंमी अंतरावरच्या सीटवर बसला आणि बोल्टांमधले अंतर २० सेंमी असले, तर मागच्या दोन बोल्टांना मिळून साधारण २०० किलोची ओढ बसते. ही स्थिर बसल्यावरची. हिसका दिला की आणखी वाढते. पेव्हर ब्लॉक जेमतेम ६० ते ८० मिमी जाडीचा, खाली वाळू. दोन्ही बाजूंना सीट असलेल्या यंत्राचा तोल समोर बसणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या भरवशावर सोडलेला असतो, आणि तो रोज येतोच असे नाही.

गंज बाहेरून दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. साध्या एमएस (सौम्य पोलादाच्या) पाइपवर जस्ताचा थर न देता पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग भाजून बसवण्याचे काम, केले, तर रंग बाहेरच चढतो, पाइपची आतली बाजू उघडीच राहते. टोकाची प्लॅस्टिकची टोपी उडाली की पाणी आत साचते, आणि ते निघून जायला तळाशी भोक नसते. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर देणे, हे वेल्डिंग आणि भोके पाडून झाल्यावर, म्हणजे सर्वांत शेवटी करायला हवे. उद्घाटनाची पाटी मात्र पुष्कळदा स्टेनलेस स्टीलची असते!

आता शरीराचा हिशोब. या चेस्ट प्रेस, लेग प्रेसमध्ये वजनाच्या चकत्या नसतात. स्वतःचेच वजन तरफेने उचलायचे असते. भार ठरतो तो दांड्यांच्या लांबीवर आणि तो बदलता येत नाही. त्यामुळे सगळ्यांत जड आणि बहुधा व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला सर्वाधिक भार, तर सडपातळ तरुणाला सर्वांत कमी. सीटही एकाच उंचीवर. चेस्ट प्रेसची मूठ छातीच्या मध्यावर यायला हवी. पाच फूट उंचीच्या बाईच्या ती गळ्यापाशी येते आणि खांदे कानाकडे चढतात. ट्विस्टरच्या, म्हणजे वर उभे राहून कंबर फिरवायच्या, चकतीला तर फिरणे रोखणारा अडसरच नसतो. कमरेचे पाच मणके मिळून एका बाजूला दहाएक अंशच फिरतात, पुढचा पीळ इतर सांध्यांनी घ्यायचा असतो. गुडघे ताठ ठेवून झटके देणाऱ्या पाठदुखीच्या माणसाला इशारा देणारी साधी पाटीही तिथे नसते.

कायमस्वरूपी बसवलेल्या अशा साधनांसाठी युरोपात २०१५ पासून ईएन १६६३० हे मानक आहे. ते १४० सेंमीहून उंच व्यक्तींसाठीच आहे. बागेतल्या घसरगुंडी-झोपाळ्यांसारख्या साधनांच्या ईएन ११७६ मानकातली एक चाचणी आपल्या कनिष्ठ अभियंत्यालाही करता येईल: ८ मिमीची सळई आत जाते पण २५ मिमीची जात नाही, अशी फट बोट अडकवणारी. हलणाऱ्या सांध्यांजवळ अशा फटी हमखास सापडतात.

महापालिकांनी दहा-दहा यंत्रांचे संच घेणे थांबवावे. त्याच पैशात तीन वेगवेगळ्या उंचीचे पुल-अप बार, डिप्सचे (हातांवर शरीर खाली-वर करायचे) समांतर बार, सिट-अपचा बाक आणि जागा असेल तिथे मल्लखांब बसतो. यात बेअरिंगच नाही. फक्त बारला दीड इंची पाइप वापरू नये. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिमी भरतो आणि मुठीत नीट मावत नाही. एक इंची पाइप सुमारे ३४ मिमीचा, तो बरोबर. हलणारी यंत्रे घ्यायचीच असतील तर निविदेत बेअरिंगचा प्रकार, पाइपची जाडी, जस्ताचा थर, काँक्रीटच्या पायाची खोली आणि सुट्या भागांचा पुरवठा हे सगळे लिहून घ्यावे. ठेकेदाराच्या देयकाचा शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटल्यावर, बोल्ट पान्याने तपासूनच द्यावा.

– व्यायामसाधनांची दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे