खरूज मोजायची तर पेशंट नको, घरं मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर मध्यंतरी ग्रामीण भागातल्या खरजेवर छोटा लेख आला होता. लेख बरा होता, पण त्यात खरूज अस्वच्छतेमुळे होते असं चक्क ठळक अक्षरात छापलंय. ते खटकलं म्हणून लिहितोय. हेच ऐकून ऐकून लोक खरूज लपवतात, आणि लपवलेली खरूज कुठल्याच आकड्यात येत नाही.

खरूज होते एका बारीक किड्यामुळे. मादी जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटरची, कातडीच्या वरच्या थरात बीळ करून रोज 2-3 अंडी घालते. साध्या खरजेत एका माणसाच्या अख्ख्या अंगावर असे किडे असतात फक्त 10-15, आणि ते कातडीत शिरलेले असल्यामुळे कितीही अंग घासा, आंघोळीने जात नाहीत. पसरतात ते अंगाला अंग लागून, म्हणजे एका अंथरुणात तीन-चार जण झोपले की. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधे केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने स्वयंसेवकांना खरूजवाल्यांच्या न धुतलेल्या पांघरुणात झोपवून बघितलं होतं, लागण फारच थोड्यांना झाली. (आणि आपण अजून घरातल्या गाद्या उन्हात टाकतोय आणि औषध मात्र एकाच पोराला लावतोय!)

आता मोजण्याबद्दल. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायलाच 4 ते 6 आठवडे लागतात आणि तेवढ्या दिवसांत तो माणूस दुसऱ्याला देत असतो. म्हणजे दवाखान्यात जे पोरगं खाजवत येतं त्याच्यामागे घरी आई, तान्हं बाळ, आजी यांच्यापर्यंत ती कधीच पोचलेली असते, फक्त कुणाला अजून खाज नाही, कुणाला आहे पण सांगत नाही. त्यात बरेच जण येतात ते फोड पिकल्यावर, मग रजिस्टरला जखम किंवा इन्फेक्शन असं लिहिलं जातं, खरूज कुठेच नाही. कुणी आधीच स्टेरॉइडची ट्यूब चोळलेली असते, त्याने पुरळ दबतं आणि ओळखूच येत नाही. अशा रजिस्टरवरून आजार कमी आहे म्हणायचं म्हणजे डोळे मिटून मोजणं झालं.

मी खरूज मोजणाऱ्या पाहणीसोबत थोडा फिरलोय. घरोघर जाऊन बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपर, कंबर आणि तान्ह्या बाळांचे तळहात-तळपाय उजेडात बघायचे, आणि दोनच प्रश्न विचारायचे, रात्री खाज वाढते का आणि घरात अजून कुणाला आहे का. दुसऱ्या प्रश्नाला आधी सगळे नाही म्हणतात, मग आतून कुणीतरी हात पुढे करतं. टीममधे बाई नसेल तर बायकांची तपासणी नीट होतच नाही आणि आकडा तिथेच खाली येतो, याचा कुणी विचारही करत नाही.

हा किरकोळ आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, जगात एका वेळी 20 कोटींहून जास्त लोकांना ती असते असा त्यांचा अंदाज आहे. खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरला तर मुलांच्या किडनीला सूज येऊ शकते. आणि मोजून काम केलं तर फरक पडतो, फिजीमधल्या अभ्यासात आख्ख्या वस्तीला आयव्हरमेक्टिन ही खरजेचा किडा मारणारी गोळी दिल्यावर खरजेचं प्रमाण 32 टक्क्यांवरून वर्षभरात 2 टक्क्यांच्या खाली आलं. अर्थात गरोदर बायका आणि 15 किलोच्या आतली मुलं यांना ती गोळी देत नाहीत, त्यांचं औषध डॉक्टरांनी ठरवायचं.

घरच्या पातळीवर म्हणाल तर सगळ्यांनी, खाज असो नसो, एकाच रात्री पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं आणि आठवड्याने परत. त्यानंतरही 2-4 आठवडे खाज राहू शकते, औषध फुकट गेलं असं समजून लोक रोज लावत बसतात, तसं करू नये.

पुढच्या वेळी लेख छापाल तेव्हा ते अस्वच्छतेचं वाक्य काढा आणि त्या जागी "घरातले सगळे, एकाच रात्री" एवढं टाका, जागा तेवढीच लागेल.

आपला,
एक नेहमीचा वाचक